नवख्यांसाठी वेगळी स्क्रीन नको

डेस्कटॉपवर चालणारं सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांच्या बैठकीत एक वाक्य हमखास येतं. नवीन माणसाला सोपं करायला जावं तर जुन्याचा खोळंबा होतो, आणि जुन्याला वेग द्यावा तर नवा बुजतो. हे इतक्या ठामपणे म्हटलं जातं की त्याला पुरावा मागावा असं कुणाच्या मनातही येत नाही. मग तडजोडी निघतात आणि त्याही ठरलेल्या असतात. ‘साधा’ आणि ‘प्रगत’ असे दोन मोड करायचे, नाहीतर निम्मे मेनू झाकून ठेवायचे, नाहीतर सगळ्यांसाठीच एवढी छाटणी करायची की उरलेलं कुणालाच अवघड वाटू नये. तिन्ही उपायांच्या बुडाशी गृहीतक एकच आहे: नवखे आणि सराईत ही माणसांची दोन वेगळी कुळं आहेत आणि एकाचं हित दुसऱ्याच्या आड येतं. मला हे गृहीतकच मान्य नाही.

मात्र खंडनाआधी पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण ताकदीनिशी मांडायला हवा, कारण तो पोकळ नाही. १९८४ मध्ये आयबीएममधल्या कॅरल आणि कॅरिथर्स या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. शिकाऊ माणूस ज्या सोयींमध्ये शिरला की हमखास अडकतो, त्या सोयी बंद ठेवून त्यांनी एका वर्ड प्रोसेसरची वेगळी आवृत्ती केली. लहान मुलांच्या सायकलला मागे दोन जादा चाकं लावतात, त्यावरून तिचं नाव पडलं. या आवृत्तीवर शिकलेली माणसं लवकर कामाला लागली आणि चुका निस्तरण्यात त्यांचा वेळ कमी गेला. पूर्वपक्षाच्या हातातलं हे सर्वांत धारदार शस्त्र. दुसरं शस्त्र गर्दीचं. मायक्रोसॉफ्ट वर्डच्या २००३ च्या आवृत्तीत तीसहून अधिक टूलबार होते. एवढ्या पसाऱ्यात नवा माणूस गांगरला तर दोष त्याचा नव्हे. तिसरा मुद्दा हॅवक पेनिंग्टन यांचा. लिनक्सवरच्या ग्नोम डेस्कटॉपची बांधणी करणाऱ्यांपैकी ते एक. प्रत्येक जादा सेटिंगची किंमत कुणाला तरी मोजावी लागते, असं त्यांनी २००२ मध्ये मांडलं: चाचण्या वाढतात, दोष लपून राहतात, आणि नीट एक निर्णय घेण्याऐवजी तो वापरणाऱ्याच्या गळ्यात मारला जातो. हा मुद्दा मला पूर्ण पटतो.

आता उत्तर. आधी हा ‘नवखा’ म्हणजे नेमका कोण? टॅलीवर आयुष्य काढलेला एखादा अकाउंटंट घ्या. व्हाउचर भरताना त्याला स्क्रीनकडे बघावंही लागत नाही. त्याच माणसाला वर्डमध्ये दोनशे पत्रांवर दोनशे पत्ते छापायचं काम सांगा, तो पहिल्या दिवशीच्या विद्यार्थ्यासारखा मेनू चाचपडत बसेल. हा माणूस नवखा की सराईत? प्रश्नच चुकीचा आहे. नवखेपण माणसाला चिकटलेलं नसतं. त्या माणसाचं त्या कामाशी त्या घडीला जे नातं असतं, त्यात ते असतं. १९७९ मध्ये ॲपलमध्ये मॅकिंटॉशचा प्रकल्प सुरू करणाऱ्या जेफ रॅस्किन यांनी ‘द ह्यूमेन इंटरफेस’ या २००० सालच्या पुस्तकात ही विभागणी नाकारली आहे. त्यांच्या आधी, १९९५ मध्ये, ॲलन कूपर यांनी ‘अबाउट फेस’मध्ये दाखवून दिलं होतं की बहुसंख्य लोक दोन्ही टोकांना नसतात, ते कायम मधल्या टप्प्यावर वावरतात. म्हणजे दोन मोडपैकी एकही ज्यांच्यासाठी बेतलेला नाही, तेच बहुमतात.

आणखी एक अडचण आहे. कॅरल आणि मेरी बेथ रॉसन यांनी १९८७ मध्ये लिहिलं की माणूस सॉफ्टवेअर शिकायला बसत नाही, हातातलं काम उरकायला बसतो. एक रीत सापडली, काम निघालं, की तो दुसरी रीत शोधायला जात नाही. हे ध्यानात घेतलं तर ‘साध्या’ मोडचं काय होईल ते सांगायला ज्योतिषी नको. त्यात शिरलेला माणूस त्यातच राहील. ‘तुम्ही आता प्रगत झालात, चला पलीकडे’ असं सांगणारा दिवस कुणाच्याच कॅलेंडरात उगवत नाही.

या वादात माझ्या मते सर्वांत बोलका पुरावा विंडोज ९५ चा आहे, आणि तो बनवणाऱ्यांच्याच तोंडचा आहे. या इंटरफेसची घडण कशी होत गेली, हे मायक्रोसॉफ्टच्या केंट सलिव्हन यांनी १९९६ च्या एका शोधनिबंधात लिहून ठेवलं आहे. आधीच्या विंडोज ३.१ वर नव्या माणसांची काय फजिती होते ते चाचण्यांत दिसलं होतं. एका खिडकीमागे दुसरी गेली की ती हरवली असंच त्यांना वाटे. दोनदा क्लिक करणं अनेकांना जमत नसे. घडीत घडी असलेले फोल्डर डोक्यावरून जात. तेव्हा नवख्यांसाठी एक वेगळं, सोपं आवरणच करावं असा विचार झाला. म्हणजे आपला पूर्वपक्षच, आणि तो राबवायला लागणारा पैसा, माणसं नि प्रयोगशाळा, सगळं हाताशी.

तो विचार त्यांनी सोडून दिला. कारणं वाचण्यासारखी आहेत. ज्याच्या गरजा अगदी मोजक्या आणि ठरावीक, त्याच्यापुरतं असं आवरण चालायचं. पण बहुतेकांच्या गरजा तशा नसतात. लागणारी एक जरी सोय त्यात नसली तरी माणसाला आवरण सोडून बाहेर यावंच लागे. पुढे अनुभव वाढून तो कायमचा बाहेर आला, तर आत शिकलेलं बाहेर उपयोगी पडेलच असं नव्हतं. शिवाय आवरणाची रीत एक आणि त्यातून उघडणाऱ्या प्रोग्रॅमची रीत दुसरी. म्हणजे ज्याला एकच धड येत नाही त्याच्यावर दोन रीती शिकायची सक्ती. सोपं करायला निघालेल्यांनी नवख्याचं ओझं दुप्पट केलं असतं.

त्याऐवजी स्टार्ट बटण आलं आणि त्याच्या शेजारी उघड्या खिडक्या दाखवणारी टास्कबारची पट्टी आली. सगळ्यांसाठी एकच. नवा माणूस एका क्लिकवर बटण उघडायचा आणि यादी वाचायचा. सराईत माणूस कीबोर्डवरची विंडोजची कळ दाबून यू दाबायचा आणि संगणक बंद करायच्या चौकटीवर पोचायचा. मेनू तोच होता. एक तो वाचत होता, दुसऱ्याला तो पाठ होता. गंमत म्हणजे त्याच वर्षी, विंडोज ९५ च्या काही महिने आधी, त्याच कंपनीने ‘बॉब’ नावाचं उत्पादन बाजारात आणलं होतं. स्क्रीनवर घर, घरात खोल्या, सोबतीला बोलणारी कार्टून पात्रं. नवख्याला घरच्यासारखं वाटावं म्हणून केलेला सगळा थाट. पुढच्या वर्षी ते बंद पडलं.

हा एकटा दाखला नाही. मॅकिंटॉशच्या मूळ चमूतले अँडी हर्ट्झफेल्ड ज्या ईझेल कंपनीत होते, तिने २००१ मध्ये लिनक्ससाठी नॉटिलस हा फाइल मॅनेजर काढला. त्यात आपण नवशिके, मधले की प्रगत हे वापरणाऱ्याने आधी सांगायचं अशी सोय होती. पुढे नॉटिलस टिकला, पायऱ्या गळाल्या. ऑफिस २००० ने वेगळी शक्कल लढवली: मेनूतल्या ज्या ओळी तुम्ही वापरत नाही त्या आपोआप आड जातील. यात दोघेही बुडाले. सराईताचा हात ओळीची जागा लक्षात ठेवतो. जागाच हलू लागली की त्याची सवय मोडते. नव्याचं तर त्याहून वाईट, कारण तो शिकतो तेच मुळी मेनू चाळून. त्याने अजून वापरलं नाही म्हणून जे झाकलं, तेच त्याला शोधायचं असतं!

आता त्या सायकलच्या चाकांकडे वळू. आयबीएमच्या प्रयोगात बंद केलेल्या सोयी मेनूतून उडवल्या नव्हत्या. त्या जागच्या जागी दिसत होत्या. निवडली की ही सोय शिकाऊ आवृत्तीत मिळत नाही एवढा निरोप येई. म्हणजे शिकणारा जी स्क्रीन बघत होता ती पुढे त्याला वापरायचीच स्क्रीन होती. शब्द तेच, जागा त्याच, क्रम तोच. पूर्वपक्ष ज्याला आपलं शस्त्र म्हणतो ते खरं तर आमच्या बाजूचं आहे. रस्ता एकच ठेवून त्यावर कठडे लावता येतात, इतकंच तो प्रयोग सिद्ध करतो. दुसरा रस्ता बांधा असं तो कुठेच सांगत नाही.

इथवर खंडन झालं. मंडन काय? नवखा ज्या वाटेने हळू जातो त्याच वाटेने सराईताला वेगात जाता आलं पाहिजे. तबला शिकवताना कायदा आधी ठाय लयीत बसवतात, मग त्याची दुगुन होते, चौगुन होते. बोल तेच राहतात, बोटंही तीच. इंटरफेसकडून मागणी एवढीच आहे आणि ती स्वप्नाळू नाही, कारण ती पूर्वीच पुरी झालेली आहे. आपण विसरलो, इतकंच.

१९७८ चं वर्डस्टार आठवणारे वाचक असतील. कंट्रोलसह के दाबून थांबलं की के पासून सुरू होणाऱ्या आज्ञांची यादी स्क्रीनवर येई: बी म्हणजे मजकुराची सुरुवात धरा, के म्हणजे शेवट, एस म्हणजे जतन करा. न थांबता पुढचं अक्षर दाबलं तर यादी उमटतच नसे. थबकणं हीच मदतीची मागणी. मी नवशिका आहे असं कबूल करायची चौकट नाही, मोड नाही. पडद्यावर मदत किती दिसावी याच्या पातळ्याही होत्या. त्या कमी केल्या की मदतीचा मजकूर कमी होई, पण आज्ञा जशाच्या तशा राहत. हा फरक महत्त्वाचा आहे. आधार मागे सरकला तरी चालेल, पायाखालची जमीन सरकता कामा नये.

१९८३ च्या लोटस १-२-३ मध्ये तिरक्या रेघेची कळ दाबली की वरच्या बाजूला शब्दांची ओळ उघडे आणि उजळलेल्या शब्दात पुढे काय आहे ते खालच्या ओळीत येई. नवा माणूस बाणाने एकेका शब्दावर जाऊन वाचत बसे. जुना माणूस रेघ, एफ, एस अशी शब्दांची पहिली अक्षरं सटासट दाबून फाइल जतन करून मोकळा. रोज वाचून वाचून तीच अक्षरं बोटांत उतरायची. वेगळा शॉर्टकट पाठ करायची भानगडच नव्हती.

आणि आपल्याकडे टॅली आहे. बेंगळुरूच्या गोएंका पितापुत्रांनी १९८६ मध्ये सुरू केलेल्या कंपनीचं हे सॉफ्टवेअर महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या गावातल्या अडत दुकानापासून सीएच्या कचेरीपर्यंत चालतं. इंटरफेसच्या चर्चेत त्याचं नाव कुणी घेत नाही. टॅलीची स्क्रीन देखणी आहे असं तिचे भक्तही म्हणणार नाहीत. पण व्हाउचर भरायच्या स्क्रीनवर उजव्या कडेची बटणांची उभी पट्टी पाहा: एफ५ पेमेंट, एफ६ रिसीट, एफ७ जर्नल, एफ८ सेल्स, एफ९ पर्चेस. कळ आणि कामाचं नाव शेजारी शेजारी, कायम डोळ्यांसमोर, कायम त्याच जागी. मुख्य मेनूतल्या प्रत्येक शब्दात एक अक्षर ठळक. ते दाबलं की तो पर्याय उघडतो. हात आकडे भरायला कीबोर्डवर असतातच, त्यामुळे नवा मुलगाही बटणावर वाचतो आणि तीच कळ दाबतो. पुढे वाचणं गळून पडतं, दाबणं राहतं. बिल भरता भरता खातं उघडलेलं नाही असं लक्षात आलं तर ऑल्ट-सी दाबून तिथल्या तिथे उघडायचं आणि परत त्याच ओळीवर यायचं. दोष आहेतच. कंट्रोल-ए दाबून व्हाउचर स्वीकारायचं हे कुणी सांगितल्याशिवाय कुणाला सुचणार? पण २०२० च्या नोव्हेंबरात टॅलीप्राइम आलं तेव्हा एफ४ ते एफ९ या कळांची कामं तीच राहिली आणि ऑल्ट-जी दाबून हवं ते नाव टाइप करून तिथे पोचायची सोय वर मिळाली. नव्यासाठी काही द्यायचं म्हणून जुन्याचं काढून घेतलं नाही.

माउसनेही हे साधतं. टोरांटोत गॉर्डन कर्टनबाख आणि विल्यम बक्स्टन यांनी १९९० च्या सुमारास एक गोल मेनू तयार केला. बटण दाबून क्षणभर थांबलं की कर्सरभोवती पर्याय उमटतात आणि हव्या त्या दिशेला ओढायचं. दिशा माहीत असेल तर थांबायचं नाही, तसाच फटकारा मारायचा. नव्याने केलेली प्रत्येक निवड ही सराईताच्या हालचालीची तालीमच. ॲनिमेशनच्या माया या सॉफ्टवेअरमध्ये हे मेनू आहेत.

याच कसोटीवर आज सर्रास दिसणारी एक सोय मात्र उणी पडते. मेनूत ‘सेव्ह’च्या पुढे कंट्रोल-एस लिहिलं की दोघांची सोय झाली असं समजलं जातं. लॅरी टेस्लर यांच्यासारख्यांनी कापण्या-चिकटवण्याच्या कळा एक्स, सी, व्ही अशा शेजारी शेजारी बसवल्या ते उत्तमच झालं. पण माउसने मेनू उघडून सेव्ह निवडणारा माणूस हजार वेळा ते करूनही कंट्रोल-एसचा सराव एकदाही करत नाही. या दोन समांतर वाटा आहेत आणि एकीवरून दुसरीवर उडी मारावी लागते. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वर्डचे अनुभवी वापरकर्तेसुद्धा बहुतेक कामं टूलबारच्या चित्रांवर क्लिक करूनच करताना आढळले. त्यांना आळशी म्हणायचं असेल तर म्हणा. मी म्हणेन, वाट तुटक होती. प्रोग्रॅमरांच्या एडिटरांमध्ये रुळलेली आज्ञांची पेटी या बाबतीत पुष्कळ बरी: कंट्रोल-शिफ्ट-पी दाबा, हव्या त्या कामाचं नाव लिहू लागा. नवा पूर्ण शब्द लिहितो, जुना दोन अक्षरांत उरकतो, आणि थेट कळ असेल तर ती नावापुढे दिसते.

माझ्या बाजूवरचा सर्वांत कठीण आक्षेप मराठी टाइप करण्यातून येतो आणि तो टाळणं अप्रामाणिक ठरेल. रोमन अक्षरांत शब्द लिहून खालच्या यादीतून देवनागरी रूप निवडायची रीत पहिल्या दिवशीच जमते. पण डोळे त्या यादीवर खिळून राहतात आणि वेग एका मर्यादेपुढे जात नाही. इनस्क्रिप्ट या देवनागरी कीबोर्ड-रचनेवर वेग येतो, पण पहिला आठवडा घाम काढतो. म्हणजे झाल्या ना दोन वेगळ्या वाटा? झाल्या, हे मान्य. मात्र इनस्क्रिप्ट अवघड का वाटतं ते पाहा. १९९१ च्या भारतीय मानकात असलेली त्याची रचना बेशिस्त मुळीच नाही. स्वर डावीकडे, बहुतेक व्यंजनं उजवीकडे. एका कळेवर क, शिफ्टसह ख. शेजारी त, शिफ्टसह थ. बाराखडी येणाऱ्याला हे उमजायला हवं. अडतं ते भलत्याच ठिकाणी. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक कीबोर्डच्या कळांवर देवनागरी छापलेली नसते. वेगवान वाटेवर पाट्याच नाहीत आणि मंद वाटेवर आहेत. मग नवा माणूस मंद वाटेला लागतो आणि पुढे सगळं विसरून नव्याने शिकायची त्याची तयारी नसते. फोनच्या पडद्यावर देवनागरी अक्षरं कळांवरच दिसतात, तिथे लोक बिनतक्रार थेट देवनागरी लिहितात. दोष रचनेच्या कठीणपणाचा नाही, ती दिसत नाही याचा आहे.

सगळ्यांसाठीच छाटणी करणाऱ्या पंथाला फार वेळ द्यायला नको. १९८४ च्या पहिल्या मॅकिंटॉशच्या कीबोर्डवर बाणाच्या कळा मुद्दाम ठेवल्या नव्हत्या, सगळ्यांनी माउस वापरावा म्हणून. १९८६ च्या मॅक प्लसमध्ये त्या आल्या. २०१२ च्या विंडोज ८ ने स्टार्ट बटण काढलं आणि स्क्रीनच्या रिकाम्या कोपऱ्यांत सोयी दडवल्या. स्क्रीन स्वच्छ झाली खरी, पण नव्याला कोपरा सापडेना आणि जुन्याला बटण. वर्षभरात बटण परत आलं, २०१५ च्या विंडोज १० मध्ये मेनूही परतला. पेनिंग्टन यांचा मुद्दा यामुळे बाद होत नाही. निरुपयोगी सेटिंग काढणं वेगळं आणि कामाची सोय दडवणं वेगळं. छाटणीच्या उत्साहात हा भेद नेहमी हरवतो.

कुणी म्हणेल, विमानतळावरच्या तिकीट यंत्राला हे कुठे लागू पडतं? पडत नाही. जिथे माणूस आयुष्यात दोनदा येणार तिथे सराईत तयारच होत नाही. शाळेच्या संगणक कक्षात मुलांनी फाइली उडवू नयेत म्हणून साधं आवरण लावलं तर तेही ठीक, कारण तिथे हेतू बंदोबस्ताचा आहे, शिकवण्याचा नाही. माझं म्हणणं रोजच्या कामाच्या डेस्कटॉपपुरतं आहे, जिथे आजचा नवखा सहा महिन्यांत जुना होतो आणि त्याच खुर्चीवर बसलेला असतो.

म्हणून सरकारी खात्यांसाठी, बँकांसाठी, सहकारी संस्थांसाठी सॉफ्टवेअरच्या निविदा लिहिणाऱ्यांना एक विनंती. ‘युजर फ्रेंडली असावे’ हे कलम काढून टाका. त्यावरून आजवर कुणाचं बिल अडलेलं नाही. त्या जागी लिहा की नव्या कारकुनाला पहिल्या दिवशी शेजाऱ्याला न विचारता नोंद करता आली पाहिजे, तिसऱ्या महिन्यात माउसला हात न लावता ती करता आली पाहिजे, आणि या दोहोंच्या दरम्यान त्याच्या समोरची स्क्रीन बदललेली नसावी. मग माल ताब्यात घेण्याआधी खरोखरचा कारकून बसवून ते तपासा.